हौशी नाट्यसंस्थेतली कामं: स्टेजवरची आणि बॅकस्टेजची

व्यावसायिक नाटकात नटापासून कपडेपटवाल्यापर्यंत प्रत्येकाला प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. हौशी संस्थेत नाइट नसते. बँकेत, शाळेत, कारखान्यात, दवाखान्यात दिवस घालवलेली माणसं संध्याकाळी तालमीला जमतात, दोन-तीन महिने खपून एक नाटक बसवतात आणि त्याचे मोजकेच प्रयोग करतात, कधीकधी तर स्पर्धेतला एकच. त्या एका प्रयोगासाठी दहा-बारा नट लागतात आणि जवळपास तितकीच माणसं विंगेत, म्हणजे स्टेजच्या आडोशाच्या बाजूला, लाइट्सवर, मेकअप रूममध्ये आणि दारावर लागतात. ही सगळी कामं स्वखुशीने, बहुतेक वेळा पदरचे पैसे घालून केली जातात. आणि संस्था वर्षानुवर्षं टिकते ती मुख्यतः न दिसणारी कामं करणाऱ्यांवर, कारण नट येतात-जातात, लग्न होतं, बदली होते, मालिका मिळते, पण सामान कुठे ठेवलंय, कोणत्या थिएटरात विजेची लाइन कुठून घ्यायची हे माहीत असलेला माणूस गेला तर संस्थाच अडते.

परंपरा

मराठीत ही परंपरा चांगलीच जुनी आहे. पुण्याची भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था १८९४ ची. १९५० च्या दशकात सरकारी राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या हौशी मंडळांना वर्षातून एकदा नाटक उभं करायचं हक्काचं कारण मिळालं. कॉलेजच्या पोरांसाठी महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे. 'अरे आवाज कुणाचा' अशी आरोळी या स्पर्धेच्या वेळी भरत नाट्यच्या थिएटरात उठते तेव्हा ती नटांइतकीच सेट उचलणाऱ्या पोरांचीही असते. पुण्याच्या पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला, त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्या नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा होती, म्हणजे स्टेजवरच्या माणसांनीच नेपथ्याचंही काम केलं. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रयोग करायला सुरुवात केली, तिथे अरुण काकडे यांनी आयुष्यभर जे केलं ते व्यवस्थेचं काम होतं. छबिलदासच्या प्रायोगिक नाटकांच्या चळवळीबद्दल बोलताना लोक आधी नाटककारांची नावं घेतात, माझ्या मते काकडेंचं नाव त्यांच्या बरोबरीने घ्यायला हवं.

स्टेजवर

स्टेजवरच्या कामांबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण ती सगळ्यांना दिसतातच. मुख्य भूमिका, छोट्या भूमिका आणि मग जमाव, म्हणजे गावकरी, शिपाई, भालदार-चोपदार. नवीन मेंबरची सुरुवात बहुधा जमावातून होते आणि ते बरंच आहे, एका वाक्याचं काम करणाऱ्याला पूर्ण तालीम बघायला मिळते. अडचण येते स्त्री भूमिकांची. कोकणात आणि गोव्यात गावच्या जत्रेच्या नाटकाला नायिकेचं काम करायला बाहेरून नटी मानधन देऊन आणायची पद्धत आहे, म्हणजे बाकी सगळं गाव फुकट काम करतं आणि एकट्या तिला पैसे मिळतात. यात काही गैर नाही, ती त्या कामावर पोट भरते. शहरात मुली आपणहून येतात, पण तालीम रात्री दहाला संपल्यावर घरी कोण सोडणार हा प्रश्न प्रत्येक संस्थेला असतो, आणि जिथे ही जबाबदारी एका माणसाला नाव घेऊन दिलेली असते तिथेच मुली टिकतात. हेही बॅकस्टेजचंच काम आहे, कुठल्या श्रेयनामावलीत नसलं तरी.

विंगेत

सगळ्यात कमी समजून घेतलेलं काम प्रॉम्प्टरचं. नुसतं वही धरून वाक्य सांगणं म्हणजे प्रॉम्प्टिंग नाही. नटाने पॉज घेतलाय की तो अडकलाय हे ओळखता आलं पाहिजे, आणि ते ओळखायचं तर पहिल्या वाचनापासून तालमीला बसावं लागतं. चांगला प्रॉम्प्टर पूर्ण वाक्य देत नाही, पहिले दोन शब्द देतो, तेही नट श्वास घेत असताना, म्हणजे पहिल्या रांगेला ऐकू जात नाही. नटाने चुकून दोन पानं गाळली तर खरी परीक्षा. पुढचा नट विंगेत चहा पीत उभा असतो, त्याला हलवून आत ढकलायचं, लाइट्सवाल्याला कळवायचं, आणि गाळलेल्या पानांत एखादी चिठ्ठी सापडायची असेल तर ती आता कुणी कशी काढायची हे ठरवायचं. आजकाल बरेच दिग्दर्शक प्रयोगाला प्रॉम्प्टर नको म्हणतात, नट आळशी होतात म्हणून. तालमीत मात्र त्याच्याशिवाय कुणाचं भागत नाही.

प्रॉपर्टी सांभाळणारा दोन्ही विंगेत एकेक टेबल लावतो आणि प्रवेशवार यादी भिंतीला चिकटवतो. कप, चष्मा, पिस्तूल, फुलांचा हार, टेलिफोन. दुसऱ्या प्रवेशात पत्र फाडायचं असेल तर प्रत्येक प्रयोगाला नवं पत्र, आणि त्यावर खरोखर मजकूर लिहिलेला हवा, कारण कोरा कागद वाचताना नटाचे डोळे हलत नाहीत. खायचा पदार्थ असेल तर एका घासात गिळता येईल असाच, नाहीतर पुढचं वाक्य तोंडातच राहतं.

रंगमंच व्यवस्था म्हणजे सेट लावणं, काढणं आणि मधल्या काळोखात बदलणं. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेली भिंत, ती मागून टेकू देऊन उभी करतात. चुका, सुतळी, हातोडी, पक्कड, चिकटपट्टी एका पिशवीत असलीच पाहिजे आणि ती पिशवी एकाच माणसाकडे. ब्लॅकआउटमध्ये वीस-तीस सेकंदांत सोफा जाऊन खाट यायची असते, त्यासाठी जमिनीवर रेडियमच्या छोट्या खुणा करतात, माणसं काळे कपडे घालून अनवाणी असतात, कोण काय उचलणार आणि कुठल्या विंगेतून निघणार याची तालीम नटांच्या तालमीसारखीच होते, निदान व्हायला हवी. ज्या संस्था ही तालीम करत नाहीत त्यांच्या नाटकात काळोखात खाट टेबलावर आपटल्याचा आवाज हमखास येतो आणि आधीच्या प्रवेशाने जमवलेलं सगळं वाया जातं. स्पर्धेत तर सेट लावायलाही ठरावीकच वेळ मिळतो.

लाइट्स, म्युझिक, मेकअप

लाइट्स आणि डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) बहुतेक वेळा भाड्याने येतात, सोबत भाडेवाल्याचा माणूस येतो. तो स्पॉट टांगून देतो, रंगीत जेल पेपर लावून देतो, पण ऑपरेट करायला संस्थेचाच कुणीतरी हवा असं मला ठामपणे वाटतं. संहितेच्या कॉपीवर पेन्सिलने क्यू, म्हणजे लाइट कधी बदलायचा त्या खुणा, लिहिलेले असले तरी नट कधी वळतो, कुठल्या शब्दावर फेड, म्हणजे उजेड हळूहळू कमी-जास्त करणं, सुरू करायचा हे शेवटचे पंधरा दिवस तालमीला बसल्याशिवाय हाताला येत नाही. म्युझिक ऑपरेटरचंही तेच. दाराची बेल अर्ध्या सेकंदाने उशिरा वाजली आणि नट आधीच दाराकडे निघालेला असला तर प्रेक्षक हसतात, मग प्रवेश कितीही गंभीर असो.

रंगभूषा आणि कपडेपटात तुलनेने जास्त बायका दिसतात, घरातल्या साड्या, दागिने, जुने कोट आणण्यापासून मध्यंतरात तुटलेलं हूक शिवण्यापर्यंत. स्वतः कधी स्टेजवर न गेलेल्या पण तीस माणसांची मापं तोंडपाठ असलेल्या काकू पुष्कळ मंडळांत आहेत.

थिएटरच्या दारावर आणि कागदावर

संस्था साधारणपणे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदवलेली असते, त्यामुळे सचिव, खजिनदार, वार्षिक हिशेब हे सगळं आलंच. लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र, थिएटरची तारीख, स्मरणिकेच्या जाहिराती, देणगी प्रवेशिका खपवणं, यासाठी चपला झिजवणारा एक जण लागतो. डोअरकीपरचं काम सोपं दिसतं, पण तिसऱ्या घंटेनंतर आलेल्या देणगीदाराला नम्रपणे बाहेर थांबवणं सगळ्यांना जमत नाही.

मान

राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालात दिग्दर्शन आणि अभिनयासोबत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही बक्षिसं असतात, ही फार चांगली गोष्ट आहे. प्रॉम्प्टर, प्रॉपर्टी, रंगमंच व्यवस्था यांच्या वाट्याला मात्र फक्त माइकवरून वाचलेलं नाव येतं, तेही घाईत. त्याहून वाईट म्हणजे नवीन मुलाला 'आधी बॅकस्टेज कर, मग बघू' असं सांगून तीन-चार नाटकं तिथेच अडकवून ठेवणं. बॅकस्टेजपासून सुरुवात करायची रीत योग्यच आहे, त्याने नाटक आतून कळतं, पण ज्याला स्टेजवर जायचंय त्याला संधी मिळायला हवी आणि ज्याला विंगेतच रमायचंय त्याला 'तुला काम कधी मिळणार रे' असं विचारणं बंद व्हायला हवं. त्याला काम मिळालेलंच आहे. काही मंडळं दरवर्षी कामं फिरवतात, यंदाचा नायक पुढच्या नाटकात प्रॉपर्टी बघतो. अशा नायकाला पुढे स्टेजवर कप जागेवर नाही दिसला तर तो चिडत नाही, सांभाळून घेतो.

प्रयोग संपल्यावर प्रेक्षक नटांना भेटायला आत येतात तेव्हा सेट काढायला सुरुवात झालेली असते, कारण थिएटर ठरलेल्या वेळेत रिकामं करून द्यायचं असतं. फ्लॅट टेंपोत, भाड्याचे लाइट्स परत, उसने आणलेले दागिने मोजून ज्याचे त्याला, आणि आठवड्याभरात हिशेब. शेवटच्या या कामाला मेकअप उतरवून नटांनीही थांबायचं असतं, आणि चांगल्या संस्थेत ते थांबतात.