खडूने मांडलेले गणगोत

२०२४च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचा ‘गोल्डन लायन’ मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला हा मान प्रथमच आला. तो आणणारे कलावंत आर्ची मूर ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड राज्याचे. आईकडून कामिलरोई-बिगाम्बुल या मूलनिवासी समूहांचे, वडिलांकडून ब्रिटिश वंशाचे. दालनाच्या काळ्या भिंतींवर, थेट छतापर्यंत, त्यांनी पांढऱ्या खडूने आपली वंशावळ लिहून काढली. पल्ला ६५ हजार वर्षांचा, पिढ्या २,४००हून अधिक. इतक्या मागे कागदोपत्री कोणालाच जाता येत नाही. त्यामुळे नावे संपतात तिथून पुढे पूर्वजांच्या भाषेतले नात्यांचे शब्द सुरू होतात. मध्येच मोठी भगदाडेही आहेत. हत्याकांडे, रोगांच्या साथी आणि नष्ट झालेल्या नोंदी यांची ती खूण.

जी नावे सापडली, ती मात्र कुठून आली? क्वीन्सलँडने १८९७मध्ये मूलनिवासींच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला. त्याच कायद्यात अफूविक्रीवरचे निर्बंधही होते. संरक्षण कसले, माणसांना उचलून राखीव वसाहतींत नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढे नोकरी, मजुरी आणि लग्नही अधिकाऱ्याच्या परवानगीवर आले. एवढा पहारा ठेवायचा तर दप्तर हवेच. १९३०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांनी वसाहतींमधून फिरून वंशावळी टिपल्या, शरीरांची मोजमापे घेतली. रक्त ‘शुद्ध’ की ‘मिश्र’, हेही लिहिले जाई. आज अनेकांना आपली पणजी याच नोंदींत सापडते. मूर यांनी त्यांतले अपमानास्पद शब्दही भिंतीवर जसेच्या तसे उतरवले. ते गाळले असते तर वंशावळ देखणी झाली असती, पण खोटी.

दालनाच्या मधोमध पाणी आणि त्यावर मेजभर कागदांचे गठ्ठे. १९८०च्या दशकातील मूलनिवासींच्या ९९ कोठडीमृत्यूंची चौकशी करून राष्ट्रीय आयोगाने १९९१मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतरही मूलनिवासी कोठडीत मरत राहिले. हे गठ्ठे प्रामुख्याने त्या मृत्यूंच्या चौकशी-अहवालांचे. मृतांची नावे झाकलेली आहेत. वसाहतींच्या दप्तरातले मूर यांच्या नातलगांविषयीचे कागदही त्यांच्यातच ठेवले आहेत.

मांडणीतून असा हिशेब मागण्याची वाट जुनी आहे. १९८८मध्ये देश गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी करत होता, तेव्हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रामिंगिनिंगच्या मूलनिवासी कलावंतांनी २०० पोकळ ओंडक्यांच्या शवपेट्या उभ्या केल्या, वर्षाला एक. त्या आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. मूर यांची कलाकृती ऑस्ट्रेलिया सरकारने विकत घेतली आणि ब्रिस्बेनचे क्वीन्सलँड कलादालन व लंडनचे टेट कलासंग्रहालय यांना भेट दिली.