खाणपदक-संग्रह

खाणीतील बचावकार्य, धाडस किंवा सुरक्षिततेबद्दल दिलेली जुनी पदके जमवणे, त्यांची ओळख पटवणे व ती जपणे. नाणेसंग्रहाचीच ही एक आडवाट. इंदूरच्या मराठी नाणेप्रेमींची पहिली ओढ शिवलिंग-बेलपत्राच्या होळकरी रुपयाकडे. पदकांकडे वळणारा विरळाच.

या छंदात अपघात आणि पदक वेगळे काढता येत नाहीत. १८६२ च्या जानेवारीत इंग्लंडमधील हार्टली कोळसाखाणीत पाणी उपसणाऱ्या यंत्राची अवजड तुळई तुटून खाणीत उतरण्याच्या एकुलत्या एका विहिरीत कोसळली. वर यायला दुसरी वाट नव्हती; २०४ जण आतच मेले. बचावासाठी झटलेल्यांना पदके मिळाली आणि त्याच वर्षी दोन वाटांचा कायदा झाला. सर्वांत चर्चेतले मात्र ब्रिटनचे १९०७ चे एडवर्ड पदक. त्याचे वर्ग दोन, चांदीचा व काशाचा. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा, पाठीमागे जखमी सोबत्याला वाचवणारा खाणकामगार. १९७१ मध्ये हयात मानकऱ्यांना त्याऐवजी जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा मोठा शौर्यसन्मान घेण्याची मुभा मिळाली. भारतात १९८९ साली राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना वर काढले. त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले.

पदक हाती आले की आधी कड पाहावी. मानकऱ्याचे नाव बहुधा तिथेच कोरलेले असते, आणि नावावरूनच खाण, अपघात, साल यांचा माग लागतो. कड कानशीने घासलेली दिसली तर नाव पुसून नवे घातल्याचा संशय घ्यावा. नवशिका आणखी एका ठिकाणी फसतो: भोक पाडलेला, आकडा ठोकलेला पितळी बिल्ला म्हणजे पदक नव्हे, कोण खाली उतरले नि कोण परतले, याच्या मोजदादीसाठी कामगारांना असे बिल्ले देत. तेही जमवण्याजोगे, पण पदकाच्या भावाने नव्हेत.

सराफ्यात मोडीच्या चांदीला वजनाचा भाव. तराजूला वाळे काय नि पदक काय, सारखेच. एकदा आटले की नावही गेले. घरातला धोका वेगळा. देवाच्या उपकरणीबरोबर काशाचे पदकही चिंच लावून लखलखीत घासले जाते. त्यावरची काळसर तपकिरी झाक जाते, उठाव बोथट होतो, आणि जाणकार गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवतो.