इंजिन बदललंय? आरसीवर नवा नंबर चढवताना अर्ज कुठे अडतो

नंबरप्लेट दोन स्क्रू काढले की निघते. गाडीची खरी ओळख लोखंडात ठोकलेली असते: एक नंबर चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ याच खुणांबद्दल आहे. चोरीची गाडी खपवायची तर आधी हे दोन नंबर घालवावे लागतात, म्हणून आरटीओचा निरीक्षक त्यांच्याकडेच डोळे बारीक करून बघतो. तुम्ही बिचारे सीझ झालेलं, म्हणजे आतून जाम होऊन बसलेलं इंजिन बदलून आलेले असता. पण कागद नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही आणि चोर एकाच रांगेत.

आधी हे बघा की तुम्हाला अर्जाची गरज आहे का. हेड, पिस्टन, क्रँक बदलली किंवा बोअर करून घेतलं, तर नंबर तोच राहतो, घरी जा. ब्लॉक बदलला तरच ही धावपळ.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं ते असं: आधी परवानगी घ्या, मग इंजिन बदला. परवानगीशिवाय बदललंच असेल, तर बदलाच्या तारखेपासून १४ दिवसांत आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि फी घेऊन आरटीओला कळवा. हे १४ दिवस लोक हमखास चुकीचे मोजतात. कोणी बिलाच्या तारखेपासून धरतं, कोणी गाडी गॅरेजमधून घरी आणली तिथून. मोजायचं ते इंजिन बसलं त्या दिवसापासून, आणि ती तारीख गॅरेजच्या जॉबकार्डावर असते. शिवाय ‘१४ दिवसांत कळवलं की झालं’ असंही नाही. कागद पटले नाहीत तर अर्ज परत येतोच.

बाकीचे कागद नेहमीचे: परिवहन पोर्टलवरचा अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पेन्सिलने घासून काढलेली चासी प्रिंट. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती.

आता जो कागद कोणाकडेच नसतो, त्याच्याकडे येऊ: इंजिन नंबर लिहिलेलं बिल. एका टेम्पोवाल्याने माझ्यासमोर खिशातून वहीचं अर्धं पान काढलं. त्यावर ‘इंजिन १ नग, रोख’ आणि खाली सहीसारखं काहीतरी. जीएसटी नाही, नंबर नाही, इंजिन कोणत्या गाडीतून उतरवलं याचा पत्ता नाही. आरटीओत त्याला तीन चकरा मारायला लावल्या, आणि काय हवंय ते तिसऱ्या चकरेला सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगायला काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

जुनं इंजिन घेताय तर तीन गोष्टी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका: नंबरासकट बिल, ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत, आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत त्या मूळ गाडीचे नंबर टाकून ती चोरीच्या नोंदीत आहे का, तेही बघून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे पोलिसांना पटवायला असलं बिलच कामाला येतं.

कंपनीचा नवा ब्लॉक घेतला तरी गंमत आहेच. कधी तो कोरा येतो, नंबरच नसतो, आणि बिलावर फक्त पार्ट नंबर छापलेला. तो इंजिन नंबर नव्हे. अशा वेळी आरटीओचं पत्र घेऊन अधिकृत डीलरकडूनच नंबर पंच करून, म्हणजे ठशाने ठोकून घ्यायचा. गॅरेजवाला म्हणेल, ‘साहेब, आपल्याकडे पंच आहेत, दहा मिनिटांचं काम.’ हात जोडा आणि नको म्हणा. चासीचा नंबर गंजून गेला असेल तरी हेच. बाहेर ठोकलेला नंबर अक्षरांची ठेवण, खोली आणि अंतर यांवरून चटकन ओळखू येतो. घासून काढलेला नंबरसुद्धा प्रयोगशाळेत रसायन लावून अनेकदा पुन्हा उमटवता येतो, कारण ठोक्याने खालचा धातूही दबलेला असतो.

कधी कधी सगळं बरोबर असतं आणि अर्ज तरी ‘नंबर जुळत नाही’ म्हणून परततो. तेव्हा आरसीवरचा चासी नंबर एकेक अक्षर करून वाचा. अलीकडच्या गाड्यांना तो १७ अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. आरसीवर ‘ओ’ दिसला तर कोणीतरी शून्य टाइप करताना चुकलंय. आधी ती दुरुस्ती, मग इंजिनचा अर्ज.

नवी आरसी हातात आली की विमा कंपनीकडून पॉलिसीवरही नंबर बदलून घ्या, नाहीतर उद्या क्लेम तिथे अडेल. आणि जुना ब्लॉक भंगारात देताना नंबर लिहिलेली पावती घ्या. तो कुठल्या चोरीच्या गाडीत बसलेला सापडला, तर नोंदी बघत पोलीस तुमच्याच दाराशी येतील.