कुलूप उघडलं की फोन रिकामा का होतो?

रविवारी दुपारी नौपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर गूगलचा जुना पिक्सेल फोन आणि लॅपटॉप मांडून बसलो. पहिला अर्धा तास वायरीनेच खाल्ला. घरातली वायर नुसती चार्जिंगची निघाली, डेटा त्यातून जाईना. गोखले रोडवरून दुसरी आणली, तेव्हा कुठे लॅपटॉपला फोन दिसला.

बेत होता त्या फोनवर ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी प्रणाली टाकण्याचा. अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. पण दुकानातून आणलेल्या बहुतेक फोनांत त्या गाभ्यावर गूगलच्या सेवा बसवलेल्या असतात आणि साध्या अ‍ॅपला न मिळणारे अधिकार त्यांच्या हाती असतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डग्लस लीथ यांनी 2021 साली मोजून पाहिलं, तर नुसता पडून असलेला फोनही सरासरी साडेचार मिनिटांनी कंपनीशी बोलत होता. आयफोनसुद्धा.

ग्राफीनओएसमध्ये मुळात गूगल नसतं. हवं तर प्ले स्टोअर मागाहून टाकता येतं, पण इतर अ‍ॅपइतक्याच अधिकारांवर. सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या बाळगणाऱ्या सेक्रेटरीला एक दिवस साधा भाडेकरू करून टाकावं, तसं. एखाद्या अ‍ॅपला इंटरनेटच द्यायचं नाही, अशीही सोय आहे. टॉर्चला कशाला हवंय इंटरनेट?

खरी गंमत कुलपाची. फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि पुढच्या प्रणालीवर ओळखीची डिजिटल सही आहे का, ते तपासतो. दुसरी प्रणाली टाकायची तर बूटलोडरचं हे कुलूप उघडावं लागतं, आणि उघडलं की फोनमधलं सगळं जातं. फोटो, मेसेज हे सगळं सांकेतिक रूपात साठवलेलं असतं. ते उलगडणारी किल्ली कुलूप उघडताना निकामी केली जाते. मागे उरतो अर्थहीन आकड्यांचा ढीग. चोराने फोन पळवून स्वतःची प्रणाली टाकली, तरी तुमचे फोटो त्याच्या हाती लागू नयेत, म्हणून ही व्यवस्था.

काम झाल्यावर कुलूप परत लावायचं, आता ग्राफीनओएसच्या सहीवर. बऱ्याच फोनांत हे जमत नाही, पिक्सेलमध्ये जमतं. त्यामुळे गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचाच फोन घ्यायचा, असा हा उफराटा कारभार वर्षानुवर्षं चालत आलाय. माझा फोन आता दर वेळी सुरू होताना पिवळ्या खुणेसह सांगतो, वेगळी प्रणाली चालू होतेय.

याने सगळं लपतं, असं मात्र नाही. सिम टॉवरशी जोडलेलं असेतो मी तलावपाळीला आहे की वाशीला, हे मोबाइल कंपनीला कळणारच; तिथे कुठलीच प्रणाली काही करू शकत नाही.

आणि बँक! फोनवर गूगलने मान्य केलेली प्रणाली आहे का, हे काही अ‍ॅप गूगललाच विचारतात. माझ्या एका बँकेच्या अ‍ॅपने सरळ दार लावून घेतलं, दुसऱ्या बँकेचं विनातक्रार चाललं. पहिलीसाठी एक जुना फोन ड्रॉवरमध्ये ठेवलाय. महिन्यातून दोनदा चार्ज करतो, त्या जुन्याच वायरीने.