पोकळीची उधारी

नुसती मोजणी करून पाहिली तर लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड हा धातू असायला हवा. त्यातल्या तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक सुटा इलेक्ट्रॉन असतो, आणि असं अर्धं भरलेलं घर वीज वाहून नेतं असं पाठ्यपुस्तक सांगतं. प्रत्यक्षात हा काळा, ठिसूळ पदार्थ विसंवाहक आहे. शेजारच्या अणूवर उडी मारावी तर तिथे आधीच एक इलेक्ट्रॉन बसलेला. दोघं एकाच अणूवर आले की एकमेकांना इतक्या जोरात ढकलतात की ती उडी परवडत नाही. म्हणून सगळे जागच्या जागी.

यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की जी रिकामी जागा उरते तिला भौतिकशास्त्रज्ञ 'होल' म्हणतात. आपण पोकळी म्हणू. १९८६मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी थोड्या लॅन्थॅनमच्या जागी बेरियम घातलं. त्यामुळे अशा पोकळ्या तयार झाल्या, आणि हाच विसंवाहक ३० केल्विनच्या (उणे २४३ अंश सेल्सिअसच्या) आसपास अतिवाहक होऊ लागला, म्हणजे कसलाही रोध न होता वीज वाहून नेऊ लागला. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. गाजावाजा अतिवाहकतेचा झाला, पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त ओढ लावतो: तांब्याच्या अणूंच्या भरलेल्या पटावर एकच पोकळी सोडली, तर ती चालते कशी?

पहिली गंमत म्हणजे ती तांब्यावर बसतच नाही. तांब्याभोवतीच्या चार ऑक्सिजनांवर ती पसरते. १९८८मध्ये झांग आणि राइस यांनी दाखवलं, की पोकळीची स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकीय गुण, जो 'वर' किंवा 'खाली' असतो) मधल्या तांब्याच्या स्पिनशी उलट जोडी जमवते आणि दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, तांब्याचं एक घर रिकामं झालं.

आता पट बुद्धिबळाचा समजा. काळ्या घरांत स्पिन वर, पांढऱ्या घरांत खाली. या पदार्थात शेजाऱ्यांची स्पिन उलटच असावी लागते. पोकळी एक घर सरकली, म्हणजे तिथला इलेक्ट्रॉन मागच्या घरात आला. त्याची स्पिन त्या घराला शोभत नाही, आणि भोवतीच्या शेजाऱ्यांशी त्याचं बिनसतं. पुढच्या पावलाला आणखी एक जण चुकीच्या घरात. प्रत्येक पावलाला उधारी वाढत जाते आणि ती सगळी पोकळीच्या नावावर मांडली जाते. बुलायेव्स्की, नागायेव आणि खोम्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६८मध्येच, म्हणजे अतिवाहकतेच्या बोलबाल्याच्या कितीतरी आधी, हा हिशेब मांडला होता. त्यानुसार पोकळी फार लांब जाऊच नये.

पण उधारी फिटते. पोकळी दोन पावलं गेली की मागे दोन चुकलेले इलेक्ट्रॉन शेजारी-शेजारी उरतात. ते आपापली स्पिन अदलाबदल करू शकतात, आणि तसं केलं की दोघांचीही चूक एकदम दुरुस्त होते. मात्र ही अदलाबदल संथ असते. पोकळीला स्वतःची उडी भराभर मारता येते, पण मागचं सावरेपर्यंत थांबावं लागतं.

याची परीक्षा १९९५मध्ये झाली. पदार्थ स्ट्रॉन्शियम, तांबं, ऑक्सिजन आणि क्लोरीनचा, विसंवाहकच. त्यावर प्रकाश पाडून वेल्स आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन उडवले आणि ते कोणत्या दिशेने, किती ऊर्जेने बाहेर पडतात ते मोजलं. इलेक्ट्रॉन बाहेर गेला की मागे नेमकी एक पोकळी उरते, म्हणजे हवा तोच प्रयोग. पोकळीच्या ऊर्जेचा पट्टा जितका रुंद, तितकी तिला हलण्याची मोकळीक. मोकळी पोकळी असती तर तो सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) रुंद भरला असता. भरला ०.२८. शेजारच्या स्पिनना बांधून ठेवणारी ऊर्जा ०.१२५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. पट्टा तिच्या सव्वादोन पटींच्या घरात. वेग ठरवते ती अदलाबदलच. एका दिशेत मात्र साधं गणित साफ चुकलं, आणि पोकळीला तिरप्या उड्याही मारू द्याव्या लागल्या. सिद्धान्त असा एका ठिकाणी तरी अडखळला की मला तो जास्त खरा वाटतो.

तांब्याचे अणू पटाऐवजी एका सरळ साखळीत असतील, तर उधारी पहिल्याच पावलाला होते आणि पुढे वाढत नाही. अशा पदार्थांत पट्टा कितीतरी रुंद मिळाला.

पटावर पोकळीचा उपद्रव किती, ते जस्ताशी तुलना केल्यावर कळतं. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडमधल्या तांब्याच्या जागी स्पिन नसलेलं जस्त आणि मॅग्नेशियम घातलं, तर पटाची वर-खालीची दूरवरची शिस्त मोडायला सुमारे ४० टक्के घरं बदलावी लागतात. पोकळ्या २ टक्के झाल्या तरी ती मोडते. जस्ताचा अणू आपल्या घरात गप्प बसतो, पोकळी शेजाऱ्यांच्या घरांतही ढवळाढवळ करते.