धातू-पॉर्फिरिनमधील कक्ष-तापमान फॉस्फोरेसन्स

चार पायरोल वलये चार मेथाइन पुलांनी जोडली की पॉर्फिरिनचे मोठे, सपाट वलय तयार होते. त्याच्या मध्यात धातूचा आयन बसला की धातू-पॉर्फिरिन. अशा रेणूने शोषलेली प्रकाशऊर्जा सिंगलेट अवस्थेतून (इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध) ट्रिप्लेट अवस्थेत (स्पिन समांतर) उतरते आणि तिथून सावकाश प्रकाशरूपाने बाहेर पडते, त्याला फॉस्फोरेसन्स म्हणतात. ७७ केल्विनला गोठवलेल्या द्रावणात तो सहज दिसतो. खोलीच्या तापमानाला तो वाढवायचा असेल तर ट्रिप्लेट अवस्था निर्माण करण्यापेक्षा निर्माण झालेली जपण्यातच जास्त मेहनत जाते.

जस्ताचे टेट्राफिनाइलपॉर्फिरिन याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे उत्तेजित रेणू दहापैकी जवळजवळ नऊ ट्रिप्लेटमध्ये जातात, तरी खोलीत फॉस्फोरेसन्स नावापुरताच मिळतो. कारण ट्रिप्लेटमधून प्रकाश देत खाली येण्याचा वेग फारच कमी आहे. तो वेग जड अणूमुळे वाढतो. स्पिन-ऑर्बिट युग्मन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांची जोड, अणुक्रमांकाच्या साधारण चौथ्या घाताने चढते. म्हणून निवड बहुधा पॅलेडियम (४६) किंवा प्लॅटिनम (७८) यांवर येते. ऑक्सिजनविरहित माध्यमात प्लॅटिनम ऑक्टाइथिलपॉर्फिरिन ६५० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देते आणि त्याचे आयुष्य १०० मायक्रोसेकंदांच्या घरात असते. पॅलेडियमचे भावंड थोड्या जास्त तरंगलांबीला, अधिक मंद, पण सुमारे मिलिसेकंदभर प्रकाशते. निकेल, कोबाल्ट आणि लोह यांच्या नादी लागू नये: त्यांच्या अपूर्ण भरलेल्या डी-कक्षांमधल्या खालच्या अवस्था ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवतात.

खरा शत्रू ऑक्सिजन. हवेशी समतोल असलेल्या टोल्युइनमध्ये तो सुमारे १.८ मिलिमोलार असतो आणि ट्रिप्लेटला विझवण्याचा वेग-स्थिरांक प्रति मोलार प्रति सेकंद १०⁹ च्या घरात असतो. गुणाकार केला की १०० मायक्रोसेकंदांचे आयुष्य एका मायक्रोसेकंदाखाली येते. पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन ०.२६ मिलिमोलारच असतो, तरी तोही पुरेसा घातक आहे. सेंद्रिय द्रावणासाठी गोठवणे-उपसणे-वितळवणे (द्रावण गोठवून निर्वात पंपाने वरची हवा काढणे, मग वितळवणे) हे चक्र तीन-चार वेळा करणे सर्वांत खात्रीचे. ते जमत नसेल तर सेप्टम (रबरी बूच) लावलेल्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात) आर्गॉन २० ते ३० मिनिटे सोडावा. वायू आधी त्याच द्रावकातून बुडबुडत न्यावा, नाहीतर द्रावक उडून द्रावणाची संहती बदलते. पाण्यातल्या द्रावणासाठी ऑक्सिजन खाऊन टाकणारे सोडियम सल्फाइट स्वस्त आहे. १० मिलिमोलार भरपूर होते, पण ते त्याच दिवशी विरघळवलेले हवे, कारण शिळ्या द्रावणातले सल्फाइट आधीच सल्फेट झालेले असते. क्युव्हेट काठोकाठ भरावी. वर हवेची पोकळी राहिली तर ऑक्सिजन परत विरघळत राहतो. सल्फाइटने द्रावण अल्कधर्मी होते, हेही ध्यानात ठेवावे.

पाण्यात न विरघळणारे पॉर्फिरिन सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या मायसेलमध्ये (त्याच्या रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये) बसवता येते. साबणाची संहती ८ मिलिमोलारच्या (ज्याखाली मायसेल बनत नाहीत) बरीच वर, साधारण २० ते ५०, ठेवावी. मायसेल रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवतो. ऑक्सिजन मात्र अडवत नाही. अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटलेले पॅलेडियम कार्बॉक्सिफिनाइलपॉर्फिरिन याबाबत सरस, कारण प्रथिनाच्या कवचामुळे ऑक्सिजनचा मारा कमी होतो. रक्तवाहिन्यांतला ऑक्सिजन मोजायला हीच जोडी वापरली गेली.

पॉर्फिरिन पॉलिमरच्या पातळ फिल्ममध्ये बसवणे हा सर्वांत सोयीचा मार्ग. आमच्या सोलापुरात मात्र ऋतू पाहून चालावे लागते. शोधनिबंधांतले ‘कक्ष-तापमान’ बहुधा २५ अंश सेल्सिअस असते, आणि इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० पार जातो. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळते, त्यामुळे उन्हाळ्यात त्यातून ओतलेल्या फिल्ममध्ये फुगे धरतात. पावसाळ्यात उलट: जलद बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर साचते आणि फिल्म दुधाळ होते. टोल्युइन घेतले तर दोन्ही टळते. १०० मिलिग्रॅम पॉलिस्टायरीन १ मिलिलिटर टोल्युइनमध्ये विरघळवून त्यात ०.५ मिलिग्रॅम पॉर्फिरिन घालावे, काचपट्टीवर पसरून झाकण अर्धे ठेवून सावकाश वाळवावे, मग निर्वात ओव्हनमध्ये ६० अंशांना रात्रभर ठेवावे. उरलेले टोल्युइन पॉलिमर मऊ करते आणि ऑक्सिजनला वाट देते. फॉस्फोरेसन्स नुसता वाढवायचा असेल तर पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट घ्यावे, ते ऑक्सिजन फारसा जाऊ देत नाही. ऑक्सिजन मोजणारा संवेदक बनवायचा असेल तर पॉलिस्टायरीन किंवा इथिल सेल्युलोज.

पॉर्फिरिन जास्त घातल्याने प्रकाश वाढत नाही. फिल्ममध्ये वजनाने एक टक्क्याच्या पुढे रेणू थप्प्या लावतात आणि ट्रिप्लेट एकमेकांना विझवतात. द्रावणात शोषकता (ते किती प्रकाश शोषते त्याचे माप) ०.१ खाली ठेवावी.

धातू नीट बसला नसेल तर मात्र फसगत होते. धातूविना टेट्राफिनाइलपॉर्फिरिनचा फ्लुओरेसन्सही (सिंगलेटमधून थेट, झटपट बाहेर पडणारा प्रकाश) ६५० नॅनोमीटरजवळच येतो, म्हणजे अशुद्ध नमुना उजळ वाटतो. शोषण-वर्णपटात ५०० ते ६५० मधल्या चार पट्ट्या जाऊन एक-दोनच उरल्या पाहिजेत. दुसरी कसोटी सोपी: आर्गॉन सोडल्यावर जो उजेड फारसा बदलत नाही तो फॉस्फोरेसन्स नव्हे. प्लॅटिनम क्लोराइडची अभिक्रिया मंद असते. बेंझोनायट्राइलमध्ये (उत्कलनबिंदू १९१ अंश) कित्येक तास उकळावे लागते, त्यामुळे ही अशुद्धी नेहमीचीच.

मोजताना स्पंदित दिवा वापरून फ्लुओरेसन्स संपेपर्यंत थांबावे. पॅलेडियमसाठी ५० मायक्रोसेकंदांचा विलंब पुरतो. निळ्या प्रकाशासाठी बनवलेली प्रकाशगुणक नळी (क्षीण प्रकाश मोजणारा फोटोमल्टिप्लायर) ६५० नंतर जवळपास आंधळी असते, म्हणून लाल-संवेदी नळीच हवी. उन्हाळ्यातले आणि हिवाळ्यातले आकडे थेट ताडून पाहू नयेत: तापमानाबरोबर आयुष्य घटते आणि पॅलेडियम संयुगांत थोडी ऊर्जा उलट सिंगलेटमध्ये चढून कमी तरंगलांबीचा विलंबित फ्लुओरेसन्स देते. क्युव्हेट-धारक २५ अंशांना स्थिर ठेवावा. संवेदक अंशांकित (कॅलिब्रेट) करायचा असेल तर सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब त्यामुळे जवळपास ५ टक्के कमी असतो. अंशांकनासाठी हवेतला बिंदू घेताना १०१३ हेक्टोपास्कल न धरता बॅरोमीटरवरचा आकडा वापरावा.