साखरपाणी नापास, ताक पहिलं

"मामा, साखरपाणी नापास झालं. वायर निघाली असंल का?"

लातूरहून आठवीतल्या भाच्याचा फोन. विज्ञान प्रदर्शनासाठी तो घरातल्या पेयांची विद्युत वाहकता मोजत होता. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, मल्टिमीटर आणि पुठ्ठ्यात बोटभर अंतरावर खोचलेल्या, दोन्ही टोकं तासलेल्या दोन शिसपेन्सिली. फिल्टरच्या पाण्यात तीन चमचे साखर ढवळली तरी आकडा ढिम्म. चिमूटभर मीठ पडलं की उडी!

वायर ठीक होती. साखरेचा रेणू पाण्यात अख्खाच विरघळतो आणि त्याच्यावर विद्युतभार नसतो. मिठाचे मात्र धन सोडियम आणि ऋण क्लोराइड असे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात. पाण्यातून वीज वाहून नेणारे हमाल हेच. ही फाटाफूट वीज न सोडताही होते, असं स्वांते अऱ्हेनियसने 1884 साली स्वीडनमध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. 1903 साली त्याच कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मीठ घातलेलं ताक सगळ्यांच्या पुढे गेलं, यात नवल नाही. नारळपाणी जोरात असतं ते पोटॅशियममुळे. दुधाची गंमत वेगळी. गाईच्या दुधाची वाहकता साधारण 4 ते 5.5 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. जनावराला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की रक्तातलं सोडियम-क्लोराइड दुधात झिरपतं आणि आकडा चढतो. मोठ्या गोठ्यांत दूध काढायच्या यंत्रातच हे मोजतात.

बोअरचं पाणी साखरपाण्याच्या कितीतरी पुढे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरता मुरता ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. फिल्टर विकणारा दारात येऊन पेनासारखं यंत्र बुडवतो आणि 'टीडीएस', म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, दाखवून घाबरवतो, तेही वाहकताच मोजतं. वर ठरलेल्या आकड्याने गुणतं, एवढंच. पण आयन कोणते, हे त्याला कळत नाही. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलं तरी इतर क्षारांच्या गर्दीत दिसायचं नाही. जंतूंचा तर प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आकडा खाली खाली यायलाय." म्हटलं, पेन्सिलीच्या टोकाकडे बघ. बारीक बुडबुडे चिकटले होते. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून टोकांशी वायू जमतो आणि वाट अडते. प्रयोगशाळेत त्यासाठी दिशा पालटणारी वीज वापरतात. त्याला सांगितलं, तशी वीज घरातल्या प्लगमध्ये असली तरी त्याला हात लावायचा नाही. बॅटरी जोडल्या जोडल्या पहिला आकडा लिही आणि दर वेळी टोकं पुसून घे.

उसाचा रस मोजायचा राहिलाय. रसवंतीवरून बिनबर्फाचा आण म्हटलं, कारण एका अंशाने थंड झालं तरी वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी घटते. आणि लिंबू-मीठ नको म्हणावं. पोरगं म्हणालं, "मग प्यायला दुसरा गिलास घ्यावा लागंल."